तळव्याचा आरसा

माजुरोच्या पश्चिम टोकाला, जिथे रस्ता संपतो
आणि दोन्हीकडचं पाणी एकमेकांना भेटतं,
तिथे आमचं घर.
इथे तहान लागणं ही काही बातमी नव्हे.

म्हणून बोजेन रात्री उठून
पावसाच्या टाकीला तोंड लावायचा
तेव्हा मी फक्त कूस बदलली.
पाणी पिऊन बाहेर, आत येऊन पुन्हा पाणी.
वय झालं, म्हणाला. त्रेपन्नाव्या वर्षी!
तो उभा राहायचा त्या केवड्याच्या मुळाशी
मुंग्यांची रांग लागली होती.
मुंग्यांना कळलं.
मला नाही.

मग पट्टा दोन भोकं आत गेला.
चर्चच्या आवारात बायका म्हणाल्या,
नवरा तरुण दिसायला लागलाय गं तुझा.
बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.
मग तारे पुसट झाले. हवेत बाष्प आहे, म्हणाला.
दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात
धक्क्यावरची पाटी त्याला वाचता येईना.

त्याचा बाप होडीच्या तळाशी उताणा पडून
पाठीने लाटा वाचायचा:
कुठली बेटावर आपटून माघारी फिरलीय,
कुठली थेट लांबून आलीय.
बोजेन उभ्यानेच वाचायचा, तळपायांनी.
मालबोटीचा कप्तानसुद्धा म्हणायचा,
बूट काढ रे, आणि सांग.

गेल्या वर्षी म्हणाला,
समुद्र हल्ली पुटपुटतो. नीट बोलत नाही.
पायांना मुंग्या येतात.
पुन्हा मुंग्याच.

एका संध्याकाळी मी नवी चटई अंथरली
आणि तिच्यावर तांबडी नक्षी,
मी न विणलेली,
दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून टाकीपर्यंत.
टाचेत प्रवाळाचा तुकडा, करंगळीच्या पेराएवढा,
सकाळपासून.
आणि तो मलाच विचारत होता,
कुणाला लागलंय?
पायाखालची वाळू सरकते म्हणतात.
त्याच्या पायाला वाळूच कळत नव्हती.

दवाखान्यात फिजीची नर्स, सेरुवाया.
तिने बोट टोचलं, आकडा बघितला,
आणि काही न बोलता खुर्ची ओढून घेतली.
शेजारच्या खाटेवर बोजेनचा आतेभाऊ,
चादर गुडघ्यापाशीच सपाट झालेली.
आम्ही दोघं पंख्याकडे बघत राहिलो.

आता भाताचा डोंगर नाही, टेकडी.
सरबताच्या पुडीची पाकिटं धाकट्याने लपवली होती,
ती मी शोधून काढली.
मासा आहे, भोपळ्याचा पाला आहे,
उकडलेला नीरफणस तळहाताएवढा,
त्याच्या नाही, माझ्या.
गोळ्या न्याहारीनंतर.
एकदा गोळी घेऊन उपाशीच बोटीवर गेला,
घामाने निथळत, थरथरत परतला,
आणि ज्या साखरेला मी वर्षभर शिव्या घातल्या
तीच चमच्याने भरवली त्याला.

लिबोनच्या बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला
अख्खं गाव जेवत होतं.
तिथे तोंड गोड न करणं म्हणजे
यजमानाच्या उंबऱ्यावर थुंकणं.
नको म्हणाला, दोनदा. मी ऐकलं.
सकाळी यंत्राने चहाडी केली.
मी भांडी आपटली. तो गप्प.
मग त्याने चपला घातल्या,
ज्या घालून बाप हसला असता त्याला,
आणि चालत निघाला, विमानतळाच्या दिशेने,
मला दिसेनासा होईपर्यंत.

रोज रात्री त्याचा पाय माझ्या मांडीवर.
धुते, बोटांच्या बेचकीत कोरडा करते,
खाली दाढीचा आरसा धरते:
भेग? फोड? लाली?
मग सेरुवायाने दिलेला तो धागा,
मासे धरायच्या दोरीसारखाच.
डोळे मीट, मी म्हणते.
इथे?
नाही.
इथे?
हो, म्हणतो. मी अजून धागा टेकवलेलाच नसतो.
खोटारडा.

इथे?
तो थांबतो. कपाळाला आठी,
बाप होडीत पडल्यावर पडायची तशीच असेल.
थांब, म्हणतो.
लांबून काहीतरी येतंय.